बियाण्याचा हक्क आणि कंपनीचा दावा

मागल्या पिकातले बी राखून ठेवावे, शेजाऱ्यास त्यातले पायलीभर द्यावे, त्याच्याकडून निराळ्या जातीचे पायलीभर आणावे, आणि उरल्यास बाजारात विकावे, हा शेतकऱ्याचा व्यवहार इतका जुना आहे की त्यास 'हक्क' असे नाव देण्याची आवश्यकता पूर्वी कोणास भासली नाही. ज्या गोष्टीस कोणी हरकत घेत नाही तिला वहिवाट म्हणतात. हरकत निघाली म्हणजे मात्र नुसती वहिवाट पुरत नाही, कागद लागतो. बियाण्याच्या बाबतीत असा कागद आपल्या देशात २००१ साली झाला, आणि त्याची मोठी कसोटी २०१९ साली गुजरातेत लागली. तो कागद काय म्हणतो, व कसोटीच्या वेळी तो शेतकऱ्याच्या कितपत उपयोगी पडला, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे योजिले आहे.

प्रथम हकीकत. एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिको इंडिया होल्डिंग्ज या कंपनीने साबरकांठा जिल्ह्यातील चार शेतकऱ्यांवर अहमदाबादच्या व्यापारी न्यायालयात दावे लावले. मागणी प्रत्येकी एक कोटी पाच लाख रुपयांची होती. म्हणणे असे की, 'एफ.एल. २०२७' हा बटाट्याचा वाण कंपनीच्या नावे सरकारदप्तरी नोंदलेला असून तो या शेतकऱ्यांनी कंपनीच्या परवानगीवाचून लावला व विकला. या बटाट्यात पाण्याचा अंश कमी असतो, म्हणून तळून पाकिटात भरावयाच्या कापांसाठी तो सोयीचा पडतो. कंपनी काही शेतकऱ्यांशी करार करून त्यांस बेणे पुरविते व ठरलेल्या दराने माल घेते. ज्यांच्यावर दावे झाले ते या करारात नव्हते. यापूर्वी २०१८ साली अरवली जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांवरही अशाच स्वरूपाचे दावे झाले होते.

एक कोटी पाच लाख ही रक्कम शेतकऱ्याच्या मापाने मोजून पाहण्यासारखी आहे. समजा, चार एकर जमीन आहे, एकरी शंभर क्विंटल बटाटा निघाला आणि तो दहा रुपये किलोने गेला. म्हणजे एकरी एक लाख, चार एकरांचे चार लाख. यातून बेणे, खत, पाणी, मजुरी, शीतगृहाचे भाडे असे काहीएक वजा न करता सगळेच्या सगळे पैसे कंपनीस द्यावयाचे म्हटले तरी ही रक्कम फिटण्यास सव्वीस वर्षे लागतील. ज्या कंपनीने हा आकडा घातला तिलाही तो या प्रतिवाद्यांकडून वसूल होणार नाही हे कळत असले पाहिजे. मग तो घातला कशासाठी? याचे उत्तर या चौघांच्या शेतात नसून त्यांच्या आजूबाजूच्या हजारो शेतांत आहे. दाव्याची बातमी ज्या गावी पोचेल त्या गावचा शेतकरी तो वाण हाती धरताना दहा वेळा विचार करील, एवढे साधले तरी दाव्याचा खर्च भरून निघाला. असा दावा जिंकण्याची गरजच पडत नाही. तो लागल्याचे कळले की त्याचे निम्मे काम होते.

पुढे जे घडले तेही समजून घेण्यासारखे आहे. न्यायालयाने प्रतिवाद्यांचे म्हणणे ऐकण्यापूर्वी कंपनीच्या अर्जावर एकतर्फी तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि मालाची मोजदाद करून नमुने घेण्यासाठी कमिशनर नेमला. मनाई हुकूम हा निकाल नव्हे, हे वकिलास ठाऊक असते. परंतु ज्याचे पीक निघून शीतगृहात पडले आहे, ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे आणि ज्यास पुढच्या हंगामाची तयारी करावयाची आहे, त्याच्या दृष्टीने विक्री थांबली म्हणजे निकालच लागला. कायद्याच्या दारात वादी व प्रतिवादी समान असतात असे आपण म्हणतो, व ते कागदावर खरेही आहे. पण कंपनी ही कायद्याने मानलेली व्यक्ती आहे. तिला म्हातारपण नाही, तिचे पाणी द्यावयाचे राहून जात नाही, तिच्या मुलीचे लग्न अडत नाही. एक तारीख पुढे गेली तर तिच्या हिशेबात वकिलाच्या फीची एक ओळ वाढते. शेतकऱ्याची तारीख म्हणजे गाडीभाडे, बुडालेला दिवस आणि गावात होणारी चर्चा. दोघांच्या बळात जो फरक आहे तो मुख्यतः येथे आहे. कायद्याच्या मजकुरात तो फारसा नाही, किंबहुना मजकूर शेतकऱ्याच्याच बाजूचा आहे, हे पुढे दिसेल.

२६ एप्रिल रोजी न्यायालयात कंपनीने तडजोडीची तयारी दाखविली. शेतकऱ्यांनी यापुढे हा वाण लावणार नाही असे लिहून द्यावे, अथवा कंपनीच्या करारशेतीत सामील होऊन बेणे तिच्याकडून घ्यावे आणि माल तिलाच घालावा; म्हणजे दावे काढून घेण्यात येतील. एक कोटीच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसास ही मोठीच सवलत वाटावी. परंतु कारकुनी ज्याने केली आहे त्याची दृष्टी रकमेवर न जाता लिहून द्यावयाच्या मजकुरावर जाते. फेरफाराच्या चौकशीत 'माझी हरकत नाही' अशी एक ओळ लिहून दिल्याने पिढीजात वहिवाट गेल्याची उदाहरणे प्रत्येक तालुका कचेरीत सापडतील. येथेही तेच होते. 'यापुढे लावणार नाही' असे लिहून देणे म्हणजे आजवर लावण्याचा हक्क नव्हता असे सुचविण्यासारखे होते, आणि दुसऱ्या पर्यायात बेण्याची खरेदी व मालाची विक्री ही दोन्ही टोके एकाच हाती जात होती. पैसा माफ होत होता; हक्क मात्र जात होता. आणि तो त्या चौघांपुरताच जात नव्हता, कारण एकदा असा कागद झाला की पुढच्या प्रत्येक नोटिशीसोबत त्याची नक्कल दाखविता येते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून अंमलात आलेल्या करारान्वये सभासद देशांस पिकांच्या वाणांचे संरक्षण करणे भाग पडले. ते पेटंट देऊन करावे अथवा स्वतःचा निराळा परिणामकारक कायदा करून करावे, ही मोकळीक मात्र होती. आपल्या देशाने दुसरा मार्ग घेतला. पेटंट कायद्यात वनस्पती व बियाणी यांस पेटंट मिळणार नाही असे ठेविले, आणि वाणांसाठी 'पिकांचे वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१' हा स्वतंत्र कायदा केला. नावातच शेतकरी हक्क हे शब्द आहेत, ते सहजासहजी आलेले नाहीत. १९९९ साली विधेयक मांडले गेले तेव्हा त्यात शेतकऱ्याच्या वाट्यास थोडेच होते. संसदेच्या संयुक्त समितीने ठिकठिकाणच्या लोकांचे म्हणणे ऐकल्यावर शेतकऱ्यांच्या हक्कांचे वेगळे प्रकरण त्यात घातले गेले.

या कायद्याने वाण तयार करणाऱ्यास, मग तो कंपनी असो, विद्यापीठ असो वा व्यक्ती असो, नोंदलेल्या वाणाचे उत्पादन, विक्री, वितरण, आयात व निर्यात करण्याचा अनन्य हक्क दिला आहे. हा हक्क झाडे व वेली यांच्या बाबतीत अधिकात अधिक अठरा वर्षे, व इतर पिकांच्या बाबतीत पंधरा वर्षे टिकतो. हे कलम २८ व कलम २४ मध्ये आहे. कंपनीचा दावा याच कलमावर उभा होता. परंतु त्याच कायद्याच्या कलम ३९, पोटकलम (१), खंड (चार) मध्ये असे म्हटले आहे की, कायदा होण्यापूर्वी ज्या रीतीने शेतकरी आपल्या शेतातील उत्पन्न, संरक्षित वाणाचे बियाणे धरून, राखून ठेवीत असे, वापरीत असे, पेरीत व पुन्हा पेरीत असे, अदलाबदल करीत असे, वाटीत असे वा विकीत असे, त्याच रीतीने ते करण्यास तो यापुढेही हक्कदार राहील. अपवाद एकच: छाप मारलेले बियाणे त्यास विकता येणार नाही. छाप म्हणजे काय याचा खुलासाही तेथेच आहे. पिशवीत वा अन्य भांड्यात भरून, हे अमुक संरक्षित वाणाचे बियाणे आहे असे दर्शविणारी चिठ्ठी लावली तर ते छापाचे बियाणे. अर्थात बारदानात भरून, चिठ्ठीवाचून, 'माझ्या शेतातले बेणे आहे, पाहून घ्या' म्हणून शेजाऱ्यास विकणे मोकळे आहे.

वाचकांनी हे कलम पुन्हा एकवार वाचावे. त्यात 'संरक्षित वाण' हे शब्द स्पष्ट आहेत. नोंद न झालेल्या वाणासाठी हा हक्क देण्याची गरजच नव्हती, तो तसाही होताच. कलमाचे सारे महत्त्व, कंपनीच्या नावे नोंद असतानाही शेतकऱ्याचा व्यवहार चालू राहील, या एका गोष्टीत आहे. शिवाय कलम ४२ अन्वये, असा हक्क कोणाच्या नावे आहे हे ज्या शेतकऱ्यास त्या वेळी ठाऊक नव्हते त्याने हक्काचा भंग केला असे मानता येत नाही. इतके असूनही मनाई हुकूम झालाच. हक्क पुस्तकात होता. न्यायालयापुढे तो मांडणारा त्या पहिल्या दिवशी कोणी नव्हता.

हा मांडणारा कसा उभा राहिला, ही हकीकतीतली सर्वांत बोधक गोष्ट होय. एकेका शेतकऱ्यास आलेला कागद गावाबाहेर पडला. शेतकरी संघटना, बियाणे जतन करणारी मंडळे व कायद्याचे जाणकार मिळून सुमारे १९० जणांनी दिल्ली येथील वाण संरक्षण प्राधिकरणास पत्र लिहिले की, ज्या कायद्याचे तुम्ही रखवालदार आहात त्याचे कलम ३९ न्यायालयास तुम्हीच सांगा, आणि शेतकऱ्यांचा खर्च राष्ट्रीय जनुक निधीतून द्या. कंपनीच्या मालावर बहिष्कार घालण्याची भाषा सुरू झाली. गुजरात सरकारने शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहण्याचे जाहीर केले. लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस होते, ही गोष्टही विसरता येत नाही; निवडणुकीच्या दिवसांत सरकारास शेतकऱ्याची हाक अंमळ लवकर ऐकू येते. २ मे रोजी कंपनीने सरकारशी बोलणे झाल्यानंतर दावे मागे घेण्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्यात ते निघाले. जो दावा एप्रिलच्या आरंभी चार माणसांस चिरडून टाकील असे वाटत होते तो महिन्याभरात गुंडाळला गेला. या अवधीत कायद्याचे एक अक्षर बदलले नव्हते. बदलले ते एवढेच की, चौघांच्या मागे कोणी उभे आहे हे कंपनीस दिसले.

मात्र एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी पुष्कळांचा गैरसमज आहे. शेतकरी हा खटला 'जिंकले' असे लिहिले व बोलले जाते. दावा मागे घेतला जाणे आणि निकाल लागणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्या चौघांच्या प्रकरणात कलम ३९ चा अर्थ अमुक असे न्यायालयाने ठरविले नाही, कारण ठरविण्याची वेळच आली नाही. दावा काढून घेणाऱ्यानेही एक हिशेब केलेला असतो: विरुद्ध निकाल लागून तो देशभर दाखला म्हणून वापरला जाण्यापेक्षा प्रश्न मोकळा राहिलेला बरा.

दाव्यांच्या पाठोपाठ मूळ नोंदीवरच हरकत घेण्यात आली. शेतकऱ्यांच्या बाजूने काम करणाऱ्या कविता कुरुगंटी यांनी जून २०१९ मध्ये प्राधिकरणाकडे अर्ज केला की, १ फेब्रुवारी २०१६ रोजी झालेली एफ.एल. २०२७ ची नोंद रद्द करावी. आक्षेपांत एक असा होता की, वाण 'नवीन' म्हणून नोंदण्यासाठी अर्ज केला, पण त्याची विक्री चिली देशात २००२ सालीच झाली होती, आणि अर्जात पहिल्या विक्रीची तारीख २००९ सालची दिली आहे. प्राधिकरणाने ३ डिसेंबर २०२१ रोजी नोंद रद्द केली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२३ मध्ये एका न्यायमूर्तींनी प्राधिकरणाचा निर्णय उचलून धरला, आणि जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो फिरवून नोंदीस पुन्हा जीव दिला. रकान्यात चुकीचा शब्द वा चुकीची तारीख पडली तर नोंद मुळापासून जावी काय, हा तेथे मुख्य वाद होता. उताऱ्यात एक अक्षर चुकले म्हणून सामान्य खातेदारास किती हेलपाटे पडतात हे पाहिलेल्या मनुष्यास त्या निकालाचे थोडे नवल वाटेल. परंतु निकाल तो निकाल. त्याने वाण कंपनीच्या नावे कायम झाला. कलम ३९ मात्र होते तेथेच आहे, हे ध्यानात ठेवावे. जमीन कोणाच्या नावे आहे हा एक प्रश्न, आणि तिच्यातून जाण्यायेण्याची वाट कोणास आहे हा दुसरा. पहिल्याच्या निकालाने दुसरा निकालात निघत नाही.

आपला कायदा किती वेगळा आहे हे परदेशच्या दोन खटल्यांवरून कळून येते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात पर्सी श्मायझर या शेतकऱ्याच्या शेतात मोन्सँटो कंपनीचे जनुक असलेली कॅनोला, म्हणजे मोहरीच्या जातीतले एक तेलबी, आढळली. शेजारच्या शेतांतून व वाहनांतून ती आली असे त्याचे म्हणणे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी पेटंटाचा भंग झाल्याचे ठरविले; त्यातून त्यास काही अधिक नफा झाला नाही म्हणून पैसे मात्र भरावयास लाविले नाहीत. अमेरिकेत इंडियाना राज्यातील व्हर्नन बोमन याने धान्याच्या कोठारातून, जेथून लोक गुरांच्या खाद्यासाठी वगैरे माल नेतात, सोयाबीन विकत आणले आणि पेरले. २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि ८४,४५६ डॉलरची भरपाई त्याच्यावर कायम झाली. बाजारातून आणलेला दाणा पेरणे हा गुन्हा ठरू लागला तर आपल्याकडे किती खातेदार मोकळे राहतील, याचा विचार वाचकांनीच करावा. तेथे बियाण्यावर पेटंट चालते. येथे चालत नाही व कलम ३९ आहे, एवढाच काय तो फरक.

परंतु कलम ३९ सर्व पिकांस सारखे उपयोगी पडते असे समजू नये. बटाटा डोळ्यापासून उगवतो, म्हणून राखलेले बेणे मूळ वाणासारखेच येते. एकरी सहा ते आठ क्विंटल बेणे लागत असल्याने ते घरचे असण्यात मोठी बचत असते. विषाणुरोग साचत जातात म्हणून दोनचार हंगामांनी पंजाबाकडून नवे आणावे लागते, ही गोष्ट निराळी. भात, गहू, हरभरा, तूर, सोयाबीन यांचे सुधारित वाणही राखता येतात. संकरित बियाण्याची गोष्ट तशी नाही. त्याचे पुढच्या पिढीत पीक फुटते. एक झाड उंच, एक खुजे, एकास बोंडे पुष्कळ, एकास थोडी. तेथे राखण्याचा हक्क कायद्याने दिला तरी निसर्ग तो परत घेतो, आणि शेतकऱ्यास दरवर्षी पाकीट घ्यावेच लागते. कंपनीस तेथे दावा लावण्याची गरज नाही.

आपल्या वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्यातील कापूसवाल्यांस हे वेगळे सांगावयास नको. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली. आपल्याकडे तो बहुतेक संकरित वाणांतच आला, आणि आरंभी साडेचारशे ग्रॅमचे पाकीट सुमारे सोळाशे रुपयांस विकले जाई. त्यात मोठा भाग जनुकाच्या मोबदल्याचा असे. येथे एकटा शेतकरी काय करणार? आंध्र प्रदेश सरकारने २००६ साली मक्तेदारी आयोगापुढे गाऱ्हाणे नेले तेव्हा भाव साडेसातशेच्या आसपास उतरला. पुढे केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. २०१६ साली पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरली आणि त्यातील जनुकाचा मोबदला सुमारे १६३ रुपयांवरून ४९ रुपयांवर आला. म्हणजे जेथे बियाणे राखता येते तेथे हक्काचे कलम उपयोगी पडते, आणि जेथे राखता येत नाही तेथे किंमत बांधणारे सरकार लागते. आपले पीक यांपैकी कोणत्या जातीचे आहे हे प्रत्येकाने ओळखून असावे, कारण दोहोंची लढाई निरनिराळ्या कचेऱ्यांत लढावी लागते.

शेतकरी हा केवळ बियाणे वापरणारा नसून घडविणाराही आहे, ही गोष्टही या कायद्याने मान्य केली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या भाताच्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे त्या वेगळ्या लावून, 'एचएमटी' हा वाण सिद्ध केला. त्या वेळी प्रसिद्ध असलेल्या घड्याळाचे नाव त्यास पडले, शोधकाचे नाही. तो वाण दूरदूर पसरला. खोब्रागडे यांस सन्मान पुष्कळ मिळाले, श्रीमंती मिळाली नाही, आणि २०१८ साली ते वारले. त्यांनी निवड केली तेव्हा शेतकऱ्याच्या नावे वाण नोंदण्याची वहीच नव्हती. आज ती आहे. वाण तयार करणारा शेतकरी, किंवा पिढ्यान्पिढ्या एखादा वाण सांभाळणारे शेतकरी मिळून, तो आपल्या नावे नोंदवू शकतात, आणि कलम ४४ अन्वये प्राधिकरण व उच्च न्यायालय यांपुढील कामात त्यांस सरकारी फी पडत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची जी पेढी उभारली तीसारखी कामे जेथे चालू आहेत, तेथील मंडळींनी या नोंदीकडे अवश्य लक्ष पुरवावे. फीमाफीच्या या कलमात जिल्हा न्यायालयाचा उल्लेख नाही, आणि हक्कभंगाचा दावा तर कलम ६५ प्रमाणे जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. वकिलाचा खर्च तर कोठेच माफ नाही. कायदा करणाऱ्यांनी हे भोक ठेवावयास नको होते.

आता आपल्या सभासदांच्या उपयोगाच्या दोनचार गोष्टी. पुरावा म्हणून आपण सातबाऱ्याकडे पाहतो. पण गाव नमुना बारामध्ये, अर्थात पीकपेऱ्यात, 'बटाटा' वा 'सोयाबीन' एवढेच येते. वाणाचे नाव सहसा येत नाही. म्हणून शेतात कोणता वाण आहे याविषयी वाद पडला तर सरकारी दप्तर शेतकऱ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच बोलत नाही, आणि नमुन्याची तपासणी कोणी, कोठे व कोणासमक्ष केली यावर सारे अवलंबून राहते. नमुना नेण्यास कोणी आल्यास अधिकारपत्र पाहावे, पंचनामा मागावा, त्याची नक्कल घ्यावी, आणि नमुन्याचा एक भाग मोहोरबंद करून आपल्यापाशी ठेवण्याचा आग्रह धरावा. गिऱ्हाईक म्हणून येऊन वाणाची फार चौकशी करणाऱ्या अपरिचितास जपून उत्तरे द्यावीत. गुजरातेत अशा रीतीने माहिती काढली गेल्याची शेतकऱ्यांच्या बाजूची तक्रार होती.

नोटीस आल्यास लिफाफ्यासह जपून ठेवावी व मिळाल्याची तारीख त्यावर टाकावी. इंग्रजी कागद समजला नसता सही करू नये. 'नुसती पोच आहे' असे सांगणाऱ्याकडून तो मराठीतून वाचवून घ्यावा. तडजोडीच्या मसुद्यात 'यापुढे', 'कबूल', 'हक्क नव्हता' यांसारखे शब्द आहेत काय ते पाहावे. त्याच दिवशी सोसायटीच्या चिटणिसास कळवावे, कारण अशी नोटीस एका गावात एकच येते असे सहसा घडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जातीजमातींचे लोक व उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे इतर यांस तेथून विनामूल्य वकील मिळतो.

शेवटी कंपनीवर शेतकऱ्यास उलट मागणी करता येते तिच्याविषयी. कलम ३९ च्या पोटकलम (२) प्रमाणे, संरक्षित वाणाचे बियाणे विकणाऱ्याने अमुक परिस्थितीत अमुक उत्पन्न येईल असे सांगितले पाहिजे, आणि तसे न आल्यास शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. न उगवलेल्या बियाण्याची तक्रार आपल्याकडे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावयाची असते. तालुका समिती शेतावर येऊन पंचनामा करते. २०२० च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात सोयाबीन उगवले नाही तेव्हा अशा हजारो तक्रारी झाल्या. परंतु कित्येकांपाशी पावती नसते, किंवा पिशवी पेरणीच्या दिवशीच बांधावर टाकलेली असते, आणि तेवढ्यावरून तक्रार लंगडी पडते. यास्तव पक्की पावती घ्यावी, तीवर वाणाचे नाव व लॉट क्रमांक लिहिला आहे याची दुकानातच खात्री करावी, पेरणीपूर्वी मूठभर बी वेगळे काढून ठेवावे, आणि पिशवी वरच्या शिवणीकडून न उघडता खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वर लावलेली चिठ्ठी व मोहोर जशीच्या तशी राहते.